दुकानातील संगणकाची सफाई : जुने काय काढावे, काय राखावे?

व्यापारात वहीची जागा आता संगणकाने घेतली आहे. भुसार मालाचा अडत्या असो, लूम कारखानदार असो, भरतकामाचा कारखाना असो की लग्नपत्रिका छापणारा छापखाना असो, गल्ल्याशेजारी एक संगणक असतोच. आणला तेव्हा तो चपळ असतो. चार-पाच वर्षांत सुस्त होतो, एक बिल काढायला वेळ लावतो आणि एके दिवशी पडद्यावर सूचना येते की सी ड्राइव्हवर जागा उरलेली नाही. गिऱ्हाईक समोर उभे असते. अशा वेळी मालक घाईघाईने हाताला येईल ती फाइल उडवतो, नाही तर दुरुस्तीवाल्याला बोलावतो आणि तो "फॉरमॅट मारावा लागेल" एवढे सांगून मोकळा होतो.

या दोन्ही उपायांत आपल्या अनेक बांधवांचे हिशेब, नमुने आणि वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते. वास्तविक संगणकातील जुन्या सिस्टिम फाइली काढणे हे अवघड काम नाही. त्यासाठी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, आपला हिशेब आधी बाहेर काढून सुरक्षित ठेवावा. दुसरी, विंडोजचा कचरा विंडोजच्याच झाडूने काढावा, हाताने काढू नये. या दोन गोष्टी नीट समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

कचरा साचतो कोठून?

सन १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आली तेव्हा तिला हार्ड डिस्कवर सुमारे ५० ते ५५ एमबी जागा पुरत असे. आजच्या विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ जीबीची डिस्क सांगितली आहे. म्हणजे तीस वर्षांच्या आत ही गरज हजार पटीहून अधिक वाढली. याउलट अनेक दुकानांत संगणक वेगवान व्हावा म्हणून १२० जीबीची लहान एसएसडी बसवलेली असते. पाकिटावर १२० लिहिलेले असले तरी विंडोज ती सुमारे १११ जीबीच दाखवते. विकणाऱ्याने फसवले असा याचा अर्थ नाही. कंपनी हजाराच्या मापाने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या मापाने मोजते, एवढाच तो फरक आहे.

या १११ जीबीत विंडोज राहते, टॅली राहते, छपाईची सॉफ्टवेअर राहतात आणि शिवाय दर महिन्याला विंडोजच्या दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, उतरतात. नवी दुरुस्ती बसली की जुनी फाइल लगेच फेकली जात नाही. नवीत काही बिघाड निघाला तर मागे फिरता यावे म्हणून जुनीही राखून ठेवली जाते. दुकानदारही नव्या गिरणीचे कापड खपते की नाही ते पाहीपर्यंत जुन्या गिरणीच्या गाठी मोडीत काढत नाही. तसेच हे आहे. पण महिन्यामागून महिने गेले की या राखीव मालाने गोदाम भरते.

सर्वांत मोठा ढीग पडतो तो विंडोजची आवृत्ती बदलल्यावर. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेकांनी विंडोज ११ घेतली. अशा बदलात पूर्वीची संपूर्ण विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. हे फोल्डर पंधरा-वीस जीबी सहज व्यापते. परत फिरण्याची मुदत साधारणपणे दहा दिवसांची असते, त्यानंतर विंडोज ते आपणहून काढून टाकते. म्हणून आवृत्ती बदलल्यावर दहा दिवस धीर धरावा. या दिवसांत बिलाचा प्रिंटर, बारकोडचे यंत्र, टॅली आणि बँकेचे काम सारे चालवून पाहावे. काही अडले तर परत फिरण्याचा रस्ता त्या फोल्डरमध्येच आहे. तिसऱ्या दिवशीच ते उडवून बसलेल्याला तो रस्ता उरत नाही.

एका गाठीवर दोन चिठ्ठ्या

जागा कोणी खाल्ली याचा शोध घेणाऱ्याची नजर हमखास विंडोज फोल्डरमधील 'विनएसएक्सएस' नावाच्या फोल्डरवर जाते. त्याचा आकार पाहून माणूस दचकतो. आत शिरून जुन्या तारखांच्या फाइली निवडून उडवाव्यात असा मोह होतो. हा मोह आवरावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

हे फोल्डर म्हणजे विंडोजचे सुट्या भागांचे गोदाम आहे. विंडोजचा एखादा भाग बिघडला तर दुरुस्तीसाठी लागणारा माल येथूनच निघतो. त्याचा दिसणारा आकारही खरा नसतो. यातील बऱ्याच फाइलींची नोंद दोन ठिकाणी असते, एकदा या गोदामात आणि एकदा विंडोजच्या चालू फोल्डरमध्ये. डिस्कवर मात्र फाइल एकच असते. गोदामात एका गाठीला दोन चिठ्ठ्या लावल्या आणि मुनीमजीने गाठींऐवजी चिठ्ठ्या मोजल्या तर साठा दुप्पट दिसेल. येथे नेमके हेच होते. मुनीमजीचा हिशेब पाहून कोणी निम्म्या गाठी विकायला काढल्या तर खरा माल हातचा जाईल.

तसेच दुसरे फोल्डर 'इन्स्टॉलर' या नावाचे, विंडोजच्या आतच दडवलेले असते. बसवलेल्या प्रोग्रामांची दुरुस्ती करताना किंवा ते काढताना लागणाऱ्या फाइली त्यात असतात. ते रिकामे केले तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. काही महिन्यांनी एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घेताना काम अडते आणि कारण कोणालाच सापडत नाही.

एका फाइलीने काय होऊ शकते याचा दाखला १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानतळ, बँका, रुग्णालये यांची कामे खोळंबली. उपायही तेवढाच लहान होता. ती नेमकी फाइल काढून टाकली की संगणक पुन्हा सुरू होत असे. पण कोणती फाइल काढायची हे कंपनीने नावानिशी सांगितले होते, ती कोणी अंदाजाने निवडली नव्हती. सिस्टिमच्या फाइलीला हात लावण्याची रीत हीच असावी.

जुने म्हणजे टाकाऊ नव्हे

कंट्रोल पॅनेलमध्ये बसवलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली की 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल' या नावाच्या अनेक नोंदी दिसतात. कोणापुढे २००५ असते, कोणापुढे २००८, २०१० किंवा २०१३. नवे असताना ही जुनी कशाला, असे वाटून अनेक जण ती काढून टाकतात. येथे मोठी चूक होते. २००८ साली बनलेल्या पद्धतीचा प्रोग्राम २००८ चीच नोंद शोधतो, २०१३ ची त्याला चालत नाही. ती काढली की हिशेबाचा किंवा डिझाइनचा जुना प्रोग्राम उघडायचे नाकारतो. 'डॉट नेट फ्रेमवर्क ३.५' चेही तसेच. या साऱ्या नोंदी मिळून जागा थोडीच खातात. त्यांना हात लावू नये.

छापखानेवाल्यांनी फाँटच्या बाबतीत जास्त दक्ष राहावे. आपल्या अनेक छापखान्यांत मराठी मजकूर श्रीलिपीत आणि उर्दू मजकूर इनपेजमध्ये जुळवण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटमध्ये जुळवलेली फाइल तोच फाँट असेल तरच वाचता येते. फाँट गेला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. विंडोजचे फाँट फोल्डर मोठे झाले म्हणून त्यातील अनोळखी नावे उडवली, तर जुन्या गिऱ्हाइकाने मागच्या वर्षीच्याच पत्रिकेत नाव बदलून मागितल्यावर सारी जुळवणी पहिल्यापासून करावी लागते.

संगणकीय भरतकाम करणारे आणि जॅकार्डचे नमुने काढणारे कारागीर यांचीही अशीच अडचण असते. त्यांची सॉफ्टवेअर बऱ्याचदा यूएसबीत लावायच्या डोंगलवर चालतात. त्या डोंगलचा ड्रायव्हर जुना असतो आणि तो देणारा विक्रेता कधीकधी धंदा सोडून गेलेला असतो. असा ड्रायव्हर एकदा गेला तर पुन्हा मिळवण्यासाठी दारोदार फिरावे लागते आणि तोवर लाखो रुपयांचे यंत्र उभे राहते. म्हणून अशा सॉफ्टवेअरची मूळ सीडी, ड्रायव्हर आणि परवान्याचा क्रमांक यांची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून गल्ल्यात ठेवावी.

झाडूपूर्वी हिशेब बाहेर काढा

घराला रंग द्यायचा असेल तर आपण आधी कपाटातील दागिने हलवतो. संगणकाच्या सफाईपूर्वीही तेच करावे. दुकानदाराचे दागिने म्हणजे त्याच्या खतावण्या, बिले, गिऱ्हाइकांची येणी आणि नमुने. उधारीच्या नोंदी तर दोन्ही पक्षांची अमानत असतात. त्या हरवल्या तर आपण कोणाकडे काय मागावे आणि कोणाचे काय देणे आहे, याला आधार राहत नाही.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. उदाहरणार्थ, सन २०२२-२३ च्या वार्षिक विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हाताशी हवा. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही पुढे. "संगणक साफ करताना गेला" असे सांगून अधिकाऱ्यापुढे सुटका होत नाही.

म्हणून सफाईच्या आदल्या दिवशी पुढील वस्तूंची नक्कल बाहेरील हार्ड डिस्कवर घ्यावी : टॅलीचा किंवा आपल्या हिशेबाच्या प्रोग्रामचा बॅकअप, डेस्कटॉपवरील सर्व फाइली, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डिझाइनची फोल्डरे आणि वापरातील फाँट. डेस्कटॉपवरच्या फाइली वेगळ्या कोठे तरी असतात असा पुष्कळांचा समज असतो. त्या सी ड्राइव्हवरच असतात.

डाउनलोड्स फोल्डरबद्दल दोन शब्द अधिक लिहितो. ई-वे बिले, बँकेचे उतारे, जीएसटीची चलने सारी इंटरनेटवरून उतरून त्याच फोल्डरमध्ये पडतात आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतात. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्स हेही नाव घातले होते. सर्व खुणा करून सफाई करण्याची सवय असलेल्या अनेकांचे कागद त्यामुळे गेले. पुढे सन २०२० च्या आवृत्तीत ते नाव डिस्क क्लीनअपमधून काढले गेले. परंतु सेटिंगमधील स्टोरेजच्या यादीत ते आजही दिसते. ही खूण कधीही करू नये.

त्याच ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधील फाइलीच नाहीशा केल्या आणि मायक्रोसॉफ्टला ती काही दिवसांतच थांबवावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या हातूनही असे घडते. म्हणून नक्कल घेतल्यावर तेवढ्यावर समाधान मानू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखीच.

सफाईची रीत

हे काम दुकान बंद असेल त्या दिवशी करावे. मालेगावसारख्या गावी शुक्रवारी लूम बंद असतात, तो दिवस बरा. संगणकाला चांगला यूपीएस असावा. सफाई चालू असताना वीज गेली तर विंडोज अर्ध्यावर अडकू शकते.

प्रथम संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि अडकलेल्या अपडेट पूर्ण होऊ द्याव्यात. नंतर स्टार्ट बटण दाबून इंग्रजीत 'डिस्क क्लीनअप' असे लिहावे आणि सी ड्राइव्ह निवडावी. खिडकी उघडल्यावर खाली 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' असे बटण दिसते. ते दाबल्याशिवाय जुन्या सिस्टिम फाइलींची नावे यादीत येत नाहीत. पुष्कळ जण हे बटण न दाबताच सफाई करतात आणि थोडीशीच जागा सुटली म्हणून निराश होतात.

हे साधन नवे नाही. विंडोज ९८ पासून ते विंडोजमध्ये आहे. जुन्या अपडेट काढण्याची सोय विंडोज ७ ला ऑक्टोबर २०१३ मध्ये मिळाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा नेहमीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी बंद केला. तरी एखाद्या यंत्राला जोडलेला तसा जुना संगणक कारखान्यात असेल तर त्यावरही ही सोय वापरता येते. मात्र असा संगणक इंटरनेटला जोडू नये.

आता यादीतील खुणा पाहू. 'विंडोज अपडेट क्लीनअप' ही खूण करावी. विनएसएक्सएसच्या गोदामातील बाद झालेला माल हाच झाडू बिनधोक काढतो. 'टेम्पररी फाइल्स', 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स' आणि 'थंबनेल्स' यांना खूण करण्यास हरकत नाही. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसत असेल आणि नवी विंडोज दहा दिवस नीट चाललेली असेल तरच तिला खूण करावी. 'रिसायकल बिन' आधी उघडून पाहावी, मगच खूण करावी. 'डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस' म्हणजे ड्रायव्हरच्या मागील आवृत्त्या. दुकानात जुना प्रिंटर किंवा जुने यंत्र जोडलेले असेल तर ही खूण टाळावी, कारण नवा ड्रायव्हर बिघडला तर मागे फिरता येत नाही.

अपडेटची सफाई जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तास-दोन तासही घेते. पडद्यावरची पट्टी हलत नाही म्हणून बटण दाबून संगणक बंद करू नये. काही काम तर पुन्हा सुरू करतानाच पूर्ण होते, त्या वेळीही थांबावे. सर्व झाल्यावर एक बिल छापून पाहावे, टॅली उघडावी, एखादी जुनी डिझाइन उघडावी आणि डोंगल लावून पाहावा. हे सारे चालले की काम झाले.

यापुढे एकूण जागेच्या पंधरा-वीस टक्के भाग नेहमी रिकामा राहील असे पाहावे. डिस्क काठोकाठ भरली की अपडेट बसत नाहीत आणि हिशेबाचा प्रोग्राम नोंद लिहिताना अडून डेटा खराब होण्याचा धोका असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये 'स्टोरेज सेन्स' नावाची सोय आहे. ती चालू ठेवली तर तात्पुरत्या फाइली वेळोवेळी आपोआप निघतात. मात्र तिच्यातही डाउनलोड्सपुढे 'नेव्हर' हाच पर्याय निवडावा.

फुकटच्या सफाईवाल्यांपासून सावध

"तुमच्या संगणकात हजार दोष आहेत, येथे दाबा" अशा जाहिराती इंटरनेटवर सतत दिसतात. यातील पुष्कळ प्रोग्राम 'रजिस्ट्री' साफ करण्याचा दावा करतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मुख्य खतावणी होय. तिच्यातील ओळी पुसल्याने जागा नगण्य सुटते, संगणक वेगवान होत नाही आणि चुकीची ओळ गेली तर विंडोज सुरूही होत नाही. अशा प्रोग्रामांना आपला पाठिंबा नाही हे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे.

नावाजलेल्या प्रोग्रामवरही डोळे झाकून भरवसा ठेवू नये. सन २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सफाई प्रोग्रामच्या एका आवृत्तीत हल्लेखोरांनी गुप्तपणे घातक भाग घुसवला होता आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली होती. जो झाडू विंडोजमध्ये फुकट आणि आधीपासूनच आहे, तो सोडून बाहेरचा आणण्याची सामान्य दुकानदाराला गरज नाही.

कोणी फोन करून "आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, तुमचा संगणक साफ करून देतो" असे म्हणाला तर फोन तेथेच ठेवावा. मायक्रोसॉफ्ट असे फोन आपणहून करत नाही. संगणकाचा ताबा दिलात तर बँकेच्या खात्याचाही ताबा दिल्यासारखे आहे. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुरुस्तीवाल्याला काय सांगावे?

फॉरमॅट हा उपाय काही वेळा खरोखर लागतो, पण तो शेवटचा उपाय आहे. दुरुस्तीवाला संगणक घेऊन जाण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारावेत. सिस्टिम फाइलींची सफाई करून पाहिली काय? डिस्क खराब झाली आहे की केवळ भरली आहे? फॉरमॅट करणार असाल तर डेस्कटॉप, टॅली, फाँट आणि डोंगलचा ड्रायव्हर यांची नक्कल कोठे घेतली, ती दाखवाल काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा कारागीर जाणकार समजावा. उत्तर न देता "काही होत नाही शेठ" म्हणणाऱ्याच्या हाती आपली खतावणी देऊ नये.

बारा वर्षांचा संगणक आणि लहान डिस्क असेल तर सफाई करूनही जागा पुन्हा पुन्हा भरेल. तेथे मोठी एसएसडी घेणे हाच शहाणपणाचा खर्च ठरतो. पण अनेक दुकानांत नव्या खरेदीची गरज नसते. तीन महिन्यांतून एकदा, सुटीच्या दिवशी, हिशेबाची नक्कल घेऊन विंडोजचा झाडू फिरवला तर तोच संगणक आणखी काही वर्षे काम देईल. दुकानात नवी पिढी बसू लागली आहे, तिला मोबाईल चालवणे शिकवावे लागत नाही. हे त्रैमासिक काम तिच्याकडे नेमून द्यावे आणि कोणत्या तारखेला नक्कल घेतली, ती कोठे ठेवली, याची नोंद मात्र कागदाच्या वहीत ठेवावी. संगणक बंद पडला तरी ती वही उघडता येते.